इमू हलवायचे आहेत? आधी त्यांना नंबर द्या

प्रश्न थोडक्यात असा. इमू या शहामृगासारख्या मोठ्या पक्ष्याच्या पालनाची मध्यंतरी लाट आली होती; जत तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे त्या लाटेतले अकरा पक्षी अजून शिल्लक आहेत. गोव्यातल्या एका कृषिपर्यटन केंद्राचे मालक ते न्यायला तयार आहेत. खरेदीच्या पावत्या हरवल्या, पक्ष्यांच्या अंगावर ना कडी ना बिल्ला. मुलगा विचारतो : ‘वडील म्हणतात, गावातल्या टेम्पोत घालू आणि रात्रीतून सोडून येऊ. टेम्पोवाला म्हणतो, आधी कागद दाखवा. दवाखान्यात गेलो तर साहेब म्हणाले, इमूला कुठला फॉर्म लागतो ते बघून सांगतो. डॉक्टर, नियम नेमका आहे तरी काय? शहामृग-इमू पाळणाऱ्या देशांत ओळख आणि वाहतूक कशी करतात?’

वडिलांचं ‘रात्रीतून’ बरोबर आहे. ‘घालू आणि सोडून येऊ’ एवढं सोपं मात्र ते नाही. आणि दवाखान्यातल्या साहेबांना हसू नका. त्याच पशुसंवर्धन खात्यात मी तीस वर्षं काढली. इमूचा अर्ज पहिल्यांदा टेबलावर आला तेव्हा मीही रजिस्टरचे रकाने वर-खाली बघत बसलो होतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी. शेवटी ‘इतर’मध्ये लिहिला. तुमची निम्मी अडचण त्या ‘इतर’मध्येच आहे.

आपल्याकडे जनावरांच्या वाहतुकीचे मुख्य नियम १९७८चे, प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालचे. २००१ साली त्यात पोल्ट्रीचं वेगळं प्रकरण घातलं. पोल्ट्री म्हणजे काय हे सांगताना एक यादी दिली आहे : एक दिवसाची पिल्लं, कोंबड्या, लाव्हे, गिनी फाऊल, बदकं, गूज, टर्की. इमू नाही, शहामृगही नाही. पण वाक्य ‘यांचा समावेश होतो’ अशा घडणीचं आहे, म्हणजे यादी बंद झालेली नाही. एक अधिकारी म्हणणार, इमूचं नाव नाही म्हणून नियम लागत नाही. दुसरा म्हणणार, पक्षी आहे, पाळीव आहे, मग पोल्ट्रीच. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत सरकारने स्वतःच इमू कुक्कुटपक्ष्यांच्या रकान्यात मोजला. त्यामुळे मी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बाजूचा आहे, आणि तुम्हीही तसंच धरून चाला.

गाडीचा नियम तर आणखी गमतीचा. जनावरं नेणाऱ्या गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-ई हे कलम आलं, १ जानेवारी २०१६पासून लागू झालं. गाडीत कायमचे कप्पे हवेत आणि कप्प्यात प्रत्येकी किती जागा हवी तेही त्यात आहे : गाय-म्हशीला २ चौरस मीटर, घोड्याला २.२५, शेळी-मेंढीला ०.३, डुकराला ०.६. आणि पोल्ट्रीला? ४० चौरस सेंटिमीटर. दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या की तेवढी जागा होते. त्यात कोंबडीसुद्धा मावत नाही; इमूचा एक पंजादेखील त्याबाहेर जाईल. पाच फुटांचा, चाळीस किलोचा पक्षी या आकड्याने मोजायचा नाही, एवढं तरी सगळ्यांनी मान्य करावं.

उरलं वनखातं. गावात कुणीतरी सांगणारच, ‘जंगली पक्षी आहे, वनवाले धरतील.’ इमू मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्या वन्यजीव कायद्याच्या भारतीय प्राण्यांच्या अनुसूचींत तो नाही, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या ‘साइटिस’च्या परिशिष्टांतही नाही. शहामृगाचं वेगळं आहे. अल्जीरिया, मोरोक्कोपासून नायजेरिया, सुदानपर्यंतच्या काही देशांतले शहामृग साइटिसच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. दक्षिण आफ्रिकेतले, म्हणजे ज्यांची शेती होते ते, नाहीत. दक्षिण अमेरिकेचा मोठा रिया, हाही इमूसारखाच न उडणारा पक्षी, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्याची २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ला लागू झाल्यापासून साइटिसच्या यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. म्हणजे उद्या कुणी इमूच्या नावाखाली रिया गळ्यात मारला तर तुम्ही नकळत कायद्यात अडकाल. दोघांनाही तीन बोटं, दोघेही राखाडी-तपकिरी. लांबून गफलत होऊ शकते. रियाचे पंख मोठे आणि दिसणारे असतात, इमूचे नावापुरते, पिसांत लपलेले. शहामृग तर पायावरून ओळखता येतो : त्याला दोनच बोटं.

तुमचे गोव्याचे मालक तिकीट लावून पक्षी दाखवणार असतील तर प्रदर्शनाचे नियम हा त्यांचा विषय. त्यांनी तिथल्या वनखात्याकडून आणि पशुसंवर्धन खात्याकडून लेखी काहीतरी आणावं आणि त्याची प्रत तुम्हाला द्यावी. तोंडी ‘आमच्याकडे सगळं ओके आहे’ यावर गाडी भरू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तुम्ही विचारलंत कागदाचं, पण कागद कुणाचा? अकरा इमूंचा म्हणाल. कुठले अकरा?

२०१३च्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बावीस इमू निघाले. आरोग्य दाखला मीच दिला होता, त्यावर लिहिलं होतं ‘इमू, नग २२, निरोगी’. वाटेत एक पक्षी मेला आणि ड्रायव्हरने तो घाबरून रस्त्याकडेला टाकला. पुढे नाक्यावर मोजणी झाली, भरले एकवीस. कागदावर बावीस, गाडीत एकवीस. मग हे तेच पक्षी कशावरून? एक विकला का? की आजारी होता म्हणून टाकला? नाक्यावरच्या माणसाचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही हाच संशय आला असता. फोनाफोनी होईपर्यंत गाडी पाच तास उन्हात उभी. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा आणखी चार गेले होते. माझ्या दाखल्यावर एकेका पक्ष्याचा नंबर असता, तर ‘अमुक नंबरचा मेला’ एवढ्या एका ओळीत प्रकरण संपलं असतं. त्या दिवसापासून नंबर नसलेल्या मोठ्या पक्ष्याला मी दाखला दिला नाही.

इमूच्या धंद्यात ओळख नसणं हे काहींना सोयीचंच होतं. तामिळनाडूत इरोडजवळच्या पेरुंदुराईला हमीभावाने परत खरेदी करण्याचं आश्वासन देणारी मोठी योजना २०१२मध्ये कोसळली. हजारो पक्षी उपाशी राहिले, शेवटी सरकारला खाद्य पुरवावं लागलं. आपल्याकडेही छोट्या-मोठ्या योजना तशाच गेल्या. मी पाहिलेल्या करारांत पक्ष्यांची संख्या असायची, ओळख कुठेही नाही. ‘तुमच्या जोडीने अंडी दिली नाहीत’ असं कंपनीने म्हटलं तर ती जोडी कुठली हे शेतकऱ्याला सिद्ध करता येत नसे, आणि आधीच्या गावातली नाकारलेली जोडी पुढच्या गावात नवी म्हणून खपवता येत असे. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९९०च्या दशकात शहामृग-इमूची अशीच लाट आली, एकेका जोडीला हजारो डॉलर मोजले गेले आणि पाठोपाठ पक्ष्यांच्या चोऱ्या सुरू झाल्या. तिथल्या पाळणाऱ्यांनी मायक्रोचिप धरली ती रोगासाठी नव्हे, चोरीसाठी.

शहामृगाच्या वाहतुकीवरचे सगळ्यात जुने निर्बंध तर चक्क पैशासाठी होते. आत्ताच्या दक्षिण आफ्रिकेत, तेव्हाच्या केप वसाहतीत, युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी शहामृगाची पिसं विकून औड्सहूर्न गावात वाडे उभे राहिले. दुसऱ्या देशांनी हा धंदा उचलू नये म्हणून तिथल्या सरकारने १८८०च्या दशकात बाहेर जाणाऱ्या प्रत्येक शहामृगावर १०० पौंड आणि प्रत्येक अंड्यावर ५ पौंड कर बसवला, आणि १९०७ला निर्यात जवळपास बंदच केली. १९१४च्या सुमारास फॅशन बदलली, मोटारी आल्या, मोठ्या पिसांच्या टोप्या गेल्या, धंदा बसला. करही गेला आणि वाड्यांची रयाही.

त्याच औड्सहूर्नमध्ये आजचे नियम कशातून आले ते पाहण्यासारखं आहे, कारण आपल्यालाही तेच कधीतरी करावं लागेल. १९९६मध्ये तिथल्या शहामृगांच्या कत्तलखान्यात काम करणाऱ्या सतरा जणांना क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप झाला. हा रोग गोचिडांतून येतो. शहामृग स्वतः आजारी दिसत नाही, पण त्याच्या रक्तात विषाणू काही दिवस फिरतो आणि अंगावरची गोचीड आपल्याबरोबर प्रवास करते. त्यानंतर कत्तलीआधी पक्षी चौदा दिवस गोचीडमुक्त आणि वेगळ्या जागी ठेवण्याची अट युरोपला जाणाऱ्या मांसासाठी आली. मग २००४ला ईस्टर्न केपमध्ये आणि २०११ला वेस्टर्न केपमध्ये शहामृगांत बर्ड फ्लूचा एच५एन२ प्रकार आला, हजारो पक्षी मारले गेले, युरोपने कच्चं मांस घेणं थांबवलं. कोंबडीत हा रोग आला की खुराडी पटापट मोकळी होतात. मोठा शहामृग पुष्कळदा नुसता थोडा मलूल राहतो, कधी तेवढंही नाही. त्यामुळे पक्षी पाहून कळत नाही. रक्त आणि स्वॅब तपासावे लागतात, आणि तपासलेला पक्षी हाच, हे दाखवावं लागतं. तिथे शहामृगाचं शेत नोंदवलेलं असतं, हलवण्याआधी तपासणी आणि परवाना लागतो. युरोपीय संघात बाहेरून येणारा जिवंत शहामृग-इमू घ्यायचा तर प्रत्येकाच्या मानेला बिल्ला किंवा अंगात मायक्रोचिप हवी आणि त्यावर मूळ देशाचा संकेत हवा. ब्रिटनमध्ये शहामृग पाळायला १९७६च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली परवाना लागतो. इमू त्या यादीतून काढून टाकला आहे. नियम करणाऱ्यांनीही या भावंडांना एकाच मापाने मोजलेलं नाही.

गोचिडीची गोष्ट आपल्यापासून लांबची वाटली तर आठवण देतो : हाच ताप २०११च्या जानेवारीत गुजरातमध्ये, अहमदाबादजवळ, माणसांत सापडला. आणि भारतातला कोंबड्यांतला पहिला बर्ड फ्लू २००६च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला निघाला. तेव्हा मी त्या बाजूला प्रतिनियुक्तीवर होतो. कुठल्या गाडीने कुठली पिल्लं कुठे नेली याचा माग काढताना ज्यांच्या वह्या नीट होत्या त्यांच्याकडचं काम एका दुपारी उरकायचं. बाकीच्यांकडे नुसता अंदाज.

तर तुमच्या अकरा पक्ष्यांना ओळख कशी द्यायची?

पायातली कडी स्वस्त आणि लांबून दिसते. मोठ्या, वाढ पूर्ण झालेल्या इमूला ती चालते. पिल्लाला कडी घालून विसरू नका. इमूचं पिल्लू इतक्या वेगाने वाढतं की महिन्याभरात कडी मांसात रुतते. असा एक पाय मी सोडवला आहे, पक्षी जगला पण लंगडा राहिला. पिल्लांना चिकटपट्टीची रंगीत पट्टी बांधायची आणि दर आठवड्याला सैल करायची. कडीचा दुसरा दोष असा की ती काढून दुसऱ्याच्या पायात घालता येते. मानेच्या कातडीत बसवायचा बिल्ला शहामृगात चालतो, पण तारेच्या जाळीत अडकला की कातडी फाटते. आपल्याकडची बहुतेक इमूची कुंपणं जाळीचीच, म्हणून मी तो टाळतो.

तुमच्यासाठी माझं उत्तर मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, सुमारे १२ मिलिमीटरची काचेची नळी, जाड सुईने टोचायची. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ प्रमाणे, १३४.२ किलोहर्ट्झची, पंधरा अंकी नंबराची चिप मागा. हे आकडे दुकानदाराला सांगायला विसरू नका. जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या चिपाही बाजारात आहेत आणि सगळे स्कॅनर त्या वाचत नाहीत. एका फार्मवर तीस पक्ष्यांना चिपा टोचलेल्या होत्या, मालक शपथेवर सांगत होता, आणि माझा स्कॅनर एकही वाचेना. दुसऱ्याचा स्कॅनर आणल्यावर सगळ्या वाजल्या. तेव्हा टोचण्याआधी पुडीतली चिप स्कॅन करा, टोचल्यावर लगेच पुन्हा करा, आणि नंबराचे स्टिकर वहीत चिकटवा.

जागा ठरलेली आहे : मानेच्या वरच्या टोकाला, डोक्याच्या मागे, डाव्या बाजूला. अंडं फोडून बाहेर येताना पिल्लू ज्या स्नायूने जोर लावतं तो तिथे असतो, जन्मतः चांगला फुगलेला असतो आणि पुढे बसत जातो. म्हणून हे काम पिल्लू पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं असताना सगळ्यात सोपं. तुमचे पक्षी मोठे आहेत, त्यामुळे दोन माणसं धरायला आणि एक टोचायला लागेल. मांडीत कुणालाही टोचू देऊ नका. इमूचं मांस तिथेच असतं आणि काचेची नळी कुणाच्या ताटात जायला नको. बाजू सगळ्यांची डावीच ठेवा, नाहीतर पुढचा माणूस शोधत बसेल. स्कॅनर चार बोटांच्या अंतरावरूनच वाचतो, म्हणजे दर वेळी पक्षी धरावा लागणार. ते टाळायला मी चिपेबरोबर पायात रंगीत कडीही घालायला सांगतो. रोजच्या ओळखीला कडी, वादाच्या वेळी चिप.

बरोबर वहीत प्रत्येकाचा नर-मादी, अंदाजे वय, खुणा आणि फोटो. नर-मादी ओळखायला इमूत रंगाचा उपयोग नाही, आवाज ऐका : मादी छातीतून ढोलासारखा घुमणारा आवाज काढते, नर गुरगुरतो. तुमच्या वडिलांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

सगळ्याच पक्ष्यांना चिप सक्तीची करावी का, असं मला एका बैठकीत विचारलं होतं. माझं मत तेव्हाही ‘नको’ होतं. पैदाशीचे, विक्रीचे, जिल्ह्याबाहेर जाणारे आणि प्रदर्शनातले पक्षी एकेकटे ओळखता आलेच पाहिजेत. मांसासाठी एकाच शेतात वाढून एकाच दिवशी एकाच कत्तलखान्यात जाणाऱ्या कळपाला कळपाचा नंबर आणि शेताची नोंद पुरे. गाई-म्हशींना सरकार बारा अंकी बिल्ला मारतं आणि ‘भारत पशुधन’वर नोंदवतं, पक्ष्यांसाठी तसं काहीच नाही. मोठ्या पक्ष्यांच्या शेताची साधी नोंदणी जरी त्यात सुरू केली तरी तुमच्यासारख्या माणसाला माझ्यासारख्याला विचारत बसावं लागणार नाही.

आता गाडी. छोटा हत्ती नको. उभा इमू हवेत डोकं काढून बसतो आणि फांदीला, तारेला लागतो. उंच बाजूंचा आयशर किंवा बंद बाजूचा पिकअप घ्या, वर ताडपत्री, पण बाजूंनी हवा खेळती. तळ हा सगळ्यात महत्त्वाचा. पत्र्यावर इमू घसरला की पाय फाकतो आणि फाकलेला पाय मोठ्या पक्ष्यात बहुतेक वेळा सुधारत नाही. तळाला गोणपाट, त्यावर चार बोटं वाळू किंवा भाताचं तूस. वाळलेला कडबा घालू नका, तोही घसरतो. बसलेल्या पक्ष्याला वळता येईल एवढी जागा द्या. पाच-सहा पक्ष्यांमागे एक आडवी फळी टाका म्हणजे ब्रेक लागला की सगळे एकमेकांवर जाणार नाहीत. जे नर एकमेकांशी भांडतात ते वेगळ्या कप्प्यात.

धरताना मागून जायचं. इमू आणि शहामृग दोघेही पुढे लाथ मारतात आणि नखाने पोट फाडू शकतात. समोर कधी उभं राहू नका. शहामृगाच्या डोक्यावर मोज्यासारखी काळी टोपी चढवली की तो शांत होतो आणि ढकलत नेता येतो. इमूत हा उपाय भरवशाचा नाही, काही पक्षी आणखी उसळतात. इमूला मागून पंखांच्या बुडख्याजवळ दोन्ही हातांनी धरून, अंगाशी घेऊन, त्याच्याच पायांनी चालवत न्या. दोन माणसं, पाठलाग नाही. उन्हात दहा मिनिटं पळवलेल्या पक्ष्याचे स्नायू आतून फुटतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते आणि तो दुसऱ्या दिवशी गोठ्यात मरतो. मालक म्हणतो ‘गाडीत मेला’, मेलेला असतो पळवण्याने. म्हणून आठवडाभर आधी त्यांना छोट्या कुंपणात, गाडीच्या फळीजवळच खायला घाला.

पोल्ट्रीच्या प्रकरणातल्या दोन अटी इमूलाही नेमक्या लागू पडतात : सलग सहा तासांपेक्षा जास्त प्रवास नको, आणि गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त उभी ठेवायची नाही, उभी करायचीच तर सावलीत. जतहून मिरज, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता धरलात तर साताठ तास जातील. संध्याकाळी सातला निघा, कोल्हापूर ओलांडल्यावर एकदा थांबून टॉर्चने प्रत्येकाकडे बघा, पाणी दाखवा. आंबोलीच्या घाटात ड्रायव्हरला दुसऱ्या गिअरवर उतरायला सांगा. बसलेला इमू वळणावर स्वतःला सांभाळतो. ब्रेक मारला की उभा राहतो आणि मग पडतो. निघण्याआधी चार-सहा तास खाद्य बंद, पाणी शेवटपर्यंत चालू. गुंगीचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नको म्हणा. निघण्याच्या दोन आठवडे आधी गोचिडांसाठी डॉक्टरांकडून औषध घ्या. औड्सहूर्नची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

कागदांचं आता सोपं झालं. पावत्या हरवल्या आहेत म्हणून वडिलांचं मालकीचं प्रतिज्ञापत्र करा, त्यात अकरा चिप नंबर घाला, ग्रामपंचायतीचा ‘हे पक्षी यांच्याकडे इतकी वर्षं आहेत’ असा दाखला जोडा. ही यादी घेऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जा. ते फार्मवर येऊन, स्कॅन करून, नंबरांसह आरोग्य दाखला देतील. त्यावर इमूला कुठला फॉर्म हे महत्त्वाचं नाही. त्यांच्या लेटरहेडवर जावक क्रमांक, तारीख, गाडीचा नंबर, निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण असलं की पुरे. १९७८च्या नियमांच्या ९६व्या कलमाप्रमाणे वाहतुकीआधीचं प्रमाणपत्रही लागतं; ते कोण देणार हे त्यांनाच विचारा. राज्य ओलांडताय, तर गोव्याच्या पशुसंवर्धन खात्याला आधी ईमेल करून तपासणी अहवाल मागतात का ते लेखी घ्या. मागितला तर पुण्याला औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत नमुने कसे पाठवायचे ते तुमच्याच दवाखान्यातून कळेल. बर्ड फ्लूचा संशयित नमुना पुढे भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत जातो. जवळपास कुठे बर्ड फ्लू जाहीर झाला तर एक किलोमीटरचं बाधित आणि दहा किलोमीटरपर्यंतचं निगराणीचं क्षेत्र आखतात आणि पक्ष्यांची हालचाल थांबते. मग तुमच्या हातात कितीही सुंदर दाखला असला तरी गाडी हलवायची नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या एका शहामृगाच्या फार्मवर २०२४च्या डिसेंबरमध्ये बर्ड फ्लू निघाला. मालक वर्षभर कोर्टात लढले, पण २०२५च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला आणि उरलेले सगळे पक्षी मारले गेले. कायदा या बाबतीत कुठेच हळवा नाही.

गाडीत एक माणूस पक्ष्यांच्या ओळखीचा बसवा, ड्रायव्हरवर सोडू नका. त्याच्याजवळ यादीची दुसरी प्रत आणि पेन द्या. वाटेत पक्षी मेलाच तर टाकायचा नाही : झाकायचा, नंबरापुढे वेळ लिहायची, मला किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करायचा आणि नाक्यावर आपणहून दाखवायचा. गोव्याला पोचल्यावर मालकांसमोर अकराही स्कॅन करून यादीवर त्यांची सही घ्या, आणि तीन आठवडे हे पक्षी त्यांच्या कोंबड्या-बदकांपासून वेगळे ठेवायला सांगा.

घाई एकाच गोष्टीची आहे. थंडी लागली की इमू जोड्या धरतात, मादी अंडी घालते आणि नर त्यावर आठेक आठवडे, जवळजवळ न खाता, बसतो. त्या दिवसांत त्याला उचलून गाडीत घालणं म्हणजे उपाशी माणसाला डोंगर चढायला लावणं. दसऱ्याच्या आत चिपा टोचून घ्या, कागद करा आणि पाऊस उघडलेली एखादी रात्र बघून निघा. तोवर जमलं नाही तर पुढचा फाल्गुन उजाडू द्या.